वाचक विचारतात : समुद्री कयाक, देवमासे आणि किनाऱ्यावरचा मुक्काम

मागील अंकात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूवर बेटाजवळच्या जॉनस्टन सामुद्रधुनीत उन्हाळ्यात निघणाऱ्या मुक्कामी कयाक सहलींविषयी एक छोटे टिपण आम्ही छापले होते. वाटाड्यासोबत अरुंद होडीतून वल्हवत जायचे, रात्री किनाऱ्यावर तंबूत राहायचे आणि ऑर्का जातीचे देवमासे दिसतात का याची वाट पाहायची, एवढीच माहिती त्यात होती. त्यावर आलेली बहुतेक पत्रे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावांतली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी अर्जुनी-मोरगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. आमचे सगळे आयुष्य नवेगाव बांध आणि गावोगावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी गेले. इतक्या लहान होडीत बसून देवमासे खरोखर दिसतात का, आणि या सहलीत दिवसभर नेमके काय केले जाते, हे सविस्तर सांगाल का?

उत्तर : दिसतात, पण ते आपल्या मर्जीने येतात, आणि सहलीची सगळी आखणी या एका गोष्टीवरून ठरते.

व्हँकूवर बेट आणि कॅनडाची मुख्य भूमी यांच्यामधला समुद्राचा अरुंद पट्टा म्हणजे जॉनस्टन सामुद्रधुनी. प्रशांत महासागरात वाढलेले सामन मासे अंडी घालण्यासाठी आपापल्या नद्यांकडे परततात, तेव्हा त्यांचे थवेच्या थवे या चिंचोळ्या वाटेने जातात. येथील ऑर्कांचा एक समूह जवळजवळ पूर्णपणे माशांवर, त्यातही चिनूक जातीच्या मोठ्या सामनवर जगतो, आणि म्हणून जुलै ते सप्टेंबर या काळात त्यांची कुटुंबे या पाण्यात वारंवार येतात. ऑर्का शास्त्रीयदृष्ट्या डॉल्फिनच्या कुळातला असून त्या कुळातला तो सर्वांत मोठा प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या नराच्या पाठीवरचा पर माणसाच्या उंचीइतका, म्हणजे १.८ मीटरपर्यंत वाढू शकतो. त्यामुळे पाण्याला टेकून बसलेल्या माणसालाही तो बऱ्याच अंतरावरून ओळखू येतो. या माशांवर जगणाऱ्या ऑर्कांमध्ये मुलगे आणि मुली दोघेही जन्मभर आईच्या कुटुंबासोबत राहतात, आणि प्रत्येक कुटुंबगटाच्या आवाजांची स्वतःची अशी एक बोली असते. त्याच परिसरातील हॅन्सन बेटावर पॉल स्पाँग या संशोधकाने १९७० साली ऑर्कालॅब हे केंद्र सुरू केले. तेथे पाण्याखाली बसवलेल्या ध्वनिग्राहकांवरून हे आवाज वर्षानुवर्षे ऐकले आणि नोंदवले जात आहेत. ऑर्कांखेरीज कुबड्या देवमासाही आता या भागात पुष्कळ दिसतो, आणि सील, समुद्रसिंह, पांढऱ्या डोक्याचे गरुड ही मंडळी तर रोजचीच असतात.

आता दिवसक्रमाविषयी. बहुतेक सहली टेलिग्राफ कोव्ह किंवा पोर्ट मॅकनील या लहान बंदरांच्या परिसरातून सुरू होतात. (२०२४ सालच्या अखेरच्या दिवशी लागलेल्या आगीत टेलिग्राफ कोव्हच्या धक्क्यावरच्या जुन्या लाकडी इमारती आणि तेथील देवमाशांचे संग्रहालय जळाले, जुनी प्रवासवर्णने वाचून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) पहिल्या सकाळी किनाऱ्यावरच होडीत बसणे, वल्हे धरणे, होडी उलटल्यास बाहेर कसे पडावे, या गोष्टी शिकवल्या जातात. नंतर तंबू, अंथरूण, अन्न आणि पिण्याचे पाणी होडीच्या पुढच्या आणि मागच्या बंद कप्प्यांत भरले जाते. दिवसभरात तीन ते पाच तास वल्हवणे होते, पण सलग नाही; मध्ये किनाऱ्यावर उतरणे, जेवण, जंगलातून छोटी पायपीट आणि बरेचसे नुसते पाहत बसणे असते. सकाळी धुके आणि शांत पाणी, दुपारनंतर पश्चिमेचा वारा, असा त्या भागातल्या उन्हाळ्याचा नेहमीचा क्रम असल्याने अनुभवी वाटाडे मोठे अंतर दुपारपूर्वीच कापून घेतात. भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार-पाच मीटरपर्यंत फरक पडू शकतो. तंबू कोठे लावायचा, होडी किती वर ओढून बांधायची आणि सकाळी किती वाजता निघायचे, हे सगळे भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरते. मनगटावरच्या घड्याळाला तेथे दुसरे स्थान आहे.

कयाकचा वेग ताशी साधारण पाच-सहा किलोमीटर असतो, तर ऑर्का सहज फिरतानाही त्याहून वेगाने जातो आणि मनात आणले तर ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास पोहोचू शकतो. याचा अर्थ कयाकमधून त्याचा पाठलाग करणे शक्यच नाही. त्याच्या वाटेच्या कडेला थांबायचे, किनाऱ्याला लागून होड्या एकमेकींना धरून ठेवायच्या आणि तो जवळून जाईल की नाही हे त्याच्यावर सोडायचे, एवढेच आपल्या हाती असते. मुक्कामी सहलीचा दिवसाच्या सहलीहून खरा फायदा येथेच आहे. मोटरबोटीची फेरी काही तासांत संपते; तंबूत राहणारा माणूस मात्र त्या सामुद्रधुनीच्या काठी रात्रंदिवस असतो, आणि रात्री दोन वाजता अंधारात पाण्यावरून देवमाशाचा फुत्कार ऐकू आला तर तोही त्याच्याच वाट्याला येतो. दिसण्याइतकेच ऐकण्याला महत्त्व देणाऱ्याला ही सहल मानवते. केवळ जवळून छायाचित्र मिळावे अशी अपेक्षा असेल, तर मोटरबोटीचेच तिकीट काढलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : वय ५२, वरुड तालुक्यात संत्र्याची बाग. शरीर कष्टाला सरावलेले आहे, परंतु पोहता येत नाही. समुद्रात जाण्याचा विचार वेडेपणाचा ठरेल काय?

उत्तर : वेडेपणाचा नाही, पण तयारीचा क्रम मात्र बदलावा लागेल. अशा सहलींसाठी दंडात ताकद हवी असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात वल्हवणे हे कमरेच्या वरचे धड डावी-उजवीकडे फिरवून करायचे असते. नुसत्या हातांनी ओढणारा पहिल्याच दुपारी थकतो. बागेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे जमणार नाही असे मला वाटत नाही. त्याहून मोठी अडचण बसण्याची असते. कयाकमध्ये पाय पुढे पसरून, पाठ ताठ ठेवून तास-दीड तास बसावे लागते. घरी जमिनीवर, भिंतीचा आधार न घेता, पाय लांब करून अर्धा तास बसून पाहावे. मांडीमागच्या शिरा आणि कंबर कुरकुरली तर आजपासूनच रोज थोडा वेळ ताण देण्याचे व्यायाम सुरू करावेत. खांद्याचे जुने दुखणे, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पोहण्याबद्दल सांगायचे तर, मार्गदर्शित सहलींत लाइफ जॅकेट पूर्ण वेळ अंगावर असते आणि अनेक आयोजक पट्टीच्या पोहणाऱ्याची अट घालत नाहीत. परंतु पाण्यात तोंड बुडाले की घाबरून हातपाय मारणाऱ्या माणसासाठी ही सहल नाही. कारण असे की, होडीत पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती एक पडदा, ज्याला स्प्रे स्कर्ट म्हणतात, घट्ट बसवलेला असतो. होडी उलटली तर डोके पाण्याखाली असतानाच त्या पडद्याची पुढची दोरी ओढून तो सोडवायचा आणि मग शांतपणे बाहेर सरकायचे असते. क्रिया काही सेकंदांची आहे, शिकायला सोपीही आहे, पण ती घाबरलेल्या हातांना सुचत नाही. सहलींत बहुधा दोन माणसांची होडी दिली जाते, ती रुंद आणि स्थिर असल्यामुळे सहसा उलटत नाही, आणि मागे बसलेला पायाखालच्या पट्ट्यांनी सुकाणू सांभाळतो. आपण नवखे असल्याने दोघांच्या होडीचाच आग्रह धरावा.

खरा धोका पाण्याच्या खोलीपेक्षा त्याच्या थंडीचा आहे. ऐन उन्हाळ्यातही जॉनस्टन सामुद्रधुनीचे पाणी दहा अंश सेल्सियसच्या आसपास असते. थंड पाण्यात पडलेल्या माणसाबद्दल तिकडे एक-दहा-एक असा ठोकताळा शिकवला जातो: पहिले एक मिनिट धापा टाकणारा श्वास आवरण्यासाठी, पुढची साधारण दहा मिनिटे हातापायांची उपयोगी हालचाल शक्य असण्याची, आणि शरीराचे तापमान उतरून शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणूनच वाटाडे किनारा सोडून उगाच मध्यावर जात नाहीत आणि एक होडी उलटली तर दुसऱ्या होडीने तिला काही मिनिटांत सरळ करण्याचा सराव करून घेतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत वावरणाऱ्या आपल्या लोकांना थंडीचे हे रूप समजावून सांगणे अवघड जाते. सुती कपडे घरीच ठेवावेत, हे एक वाक्य तरी पाठ करावे. भिजलेला सुती सदरा अंगातली ऊब ओढून घेतो, तर लोकर आणि कृत्रिम धाग्याचे कपडे ओले असतानाही थोडीफार ऊब धरून ठेवतात.

सरावासाठी कॅनडा गाठण्याची गरज नाही. येत्या हिवाळ्यात जवळच्या शहरातील तरणतलावावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली निदान पाण्यावर तरंगणे, तोंड बुडवून श्वास सोडणे आणि पाण्याखाली डोळे उघडणे शिकून घ्यावे. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर नौकाविहाराची सोय आहे. तेथे लहान होडीत बसून तोल कसा राहतो याचा अंदाज येईल. वैनगंगेच्या काठचे ढिवर बांधव डोंग्यात उभे राहून ज्या सहजतेने जाळे टाकतात, ती सहजता पाण्याच्या सवयीतून येते, आणि ती सवय थोड्या प्रमाणात का होईना पण कोणत्याही वयात लावून घेता येते. मात्र डोंग्यात बसाल तेव्हाही लाइफ जॅकेट घालूनच बसा. गावाकडे ते घालणे भित्रेपणाचे समजले जाते आणि दरवर्षी त्याची किंमत कोणीतरी मोजते. त्यानंतर चार दिवस काढून गोव्यात किंवा तारकर्लीला खाऱ्या पाण्यावर प्रशिक्षकासोबत कयाक चालवून पाहावी. तेथे मजा आली तर पुढचा विचार करावा. नाही आली तर मोठा खर्च वाचला.

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी कॅनडात आहे. पुढील उन्हाळ्यात तिला एकटीने अशा सहलीत जायचे आहे. आर्वीसारख्या गावात बसून आम्ही आयोजकाची पारख कशी करावी? तंबू, शौचालय, सोबतचे अनोळखी लोक, या सर्वांची काळजी वाटते.

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, आणि तिचे उत्तर बऱ्याच अंशी ईमेलवरून मिळू शकते. कन्येला आयोजकाकडे काही गोष्टी लेखी विचारायला सांगा. वाटाड्यांकडे ब्रिटिश कोलंबियातील सी कयाक गाइड्स अलायन्स या संघटनेचे प्रमाणपत्र आहे का, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण ताजे आहे का, एका वाटाड्यामागे किती पाहुणे असतात, प्रत्येक गटाबरोबर सागरी व्हीएचएफ रेडिओ (बिनतारी संदेशयंत्र) असतो का, आणि हवामान बिघडून सहल रद्द झाली किंवा एक दिवस तंबूतच काढावा लागला तर पैशांचे काय, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. चांगला आयोजक अशा प्रश्नांनी वैतागत नाही. उत्तरात तो स्वतःहून सांगतो की वारा वाढल्यास आम्ही निघणार नाही. याउलट, देवमासे होडीला स्पर्श करण्याइतके जवळ येतील किंवा शंभर टक्के दिसतील असे जो लिहितो, त्याचे नाव यादीतून खोडावे. जो देवमाशाच्या बाबतीत नियम वाकवायला तयार आहे, तो वाऱ्याच्या बाबतीतही वाकवेल, असा माझा सरळ हिशेब आहे.

एकट्या आलेल्या स्त्रियांना स्वतंत्र तंबू मिळतो का, त्यासाठी जादा पैसे लागतात का, आणि त्या तुकडीत स्त्री वाटाड्या आहे का, हे नोंदणीपूर्वी निःसंकोच विचारावे. या क्षेत्रात स्त्री वाटाड्या मोठ्या संख्येने काम करतात. ठरलेल्या तळांवर बहुधा आडोशाचे साधे कोरडे शौचालय असते. तळ फिरता असेल तर वाटाडे जागा आणि पद्धत पहिल्याच संध्याकाळी समजावून सांगतात. मासिक पाळीच्या काळात सहल टाळण्याचे काही कारण नाही. वापरलेले पॅड बंद पिशवीत ठेवून परत आणावे लागतात, किनाऱ्यावर पुरता किंवा जाळता येत नाहीत, म्हणून घट्ट तोंडाच्या दोन-तीन पिशव्या सोबत द्याव्यात. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी संपर्क मिळत नाही. त्या दोन-तीन रात्री फोन लागला नाही तर घाबरून जाऊ नये. आयोजकाच्या कार्यालयाचा क्रमांक आणि परतीची वेळ तेवढी आपल्याकडे लिहून ठेवावी.

प्रश्न : मी ताडोबाच्या बफर क्षेत्रात जिप्सी चालवतो. आम्हाला वाघापासून अंतर ठेवण्याचे नियम आहेत आणि ते मोडण्यासाठी पर्यटकांचा दबावही असतो. समुद्रात पहारा ठेवायला कोण येतो? तेथे असे नियम आहेत का?

उत्तर : आहेत, आणि कागदावर तरी ते अगदी नेमके आहेत. कॅनडाने २०१८ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांविषयीचे नियम सुधारले. त्यांनुसार बहुतेक देवमाशांपासून किमान १०० मीटर आणि ब्रिटिश कोलंबियाच्या पाण्यात ऑर्कापासून किमान २०० मीटर अंतर राखणे बंधनकारक झाले. दक्षिणेकडे, जेथे ऑर्कांचा दुसरा, अधिक संकटात असलेला समूह राहतो, तेथे याहून कडक निर्बंध आहेत. हे अंतर इंजिन नसलेल्या कयाकलाही लागू आहे. जॉनस्टन सामुद्रधुनीतच टेलिग्राफ कोव्हच्या पूर्वेस रॉबसन बाइट नावाचा उपसागर आहे. तेथील उथळ पाण्यातल्या गुळगुळीत गोट्यांवर ऑर्का येऊन अंग घासतात. जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारे हे वर्तन अबाधित राहावे म्हणून १९८२ मध्ये तो भाग राखीव करण्यात आला. बोटींनी आणि कयाकनीही त्या पाण्यात शिरू नये असे अपेक्षित असून उन्हाळ्यात तेथे पहारेकरी नेमलेले असतात.

कयाक आवाज करत नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. ऑर्का आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधतो, आणि इंजिनाचा गोंगाट त्या प्रतिध्वनीला झाकून टाकतो; या दृष्टीने वल्ह्याची होडी नक्कीच बरी. पण दहा-बारा होड्या वाटेत पसरून उभ्या राहिल्या, किंवा किनाऱ्यालगत जाणारे कुटुंब आणि किनारा यांच्यामध्ये घुसल्या, तर त्या कुटुंबाला वळसा घालावा लागतो. शिवाय जी होडी ऐकू येत नाही तिच्याजवळ एखादा प्राणी अनवधानाने वर आला, तर दोघेही दचकतात. म्हणून देवमासे दिसताच सगळ्यांनी किनाऱ्याच्या बाजूला एकत्र यायचे, होड्या एकमेकींना धरायच्या आणि वल्ही आडवी ठेवायची, अशी शिस्त वाटाडे लावतात. आपल्याकडे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात २०२४ च्या वर्षअखेरीस वाघीण आणि तिचे बछडे जिप्सींच्या गराड्यात अडकले, ते प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले, हे आपणास माहीत असेलच. तेथील गाडीचालकांची आणि समुद्रावरच्या वाटाड्यांची अडचण एकाच जातीची आहे: बक्षिसी देणारा पाहुणा आणि नियम हे दोन्ही एकाच वेळी मागे लागतात. फरक इतकाच की, कयाकमधल्या पाहुण्याला कितीही घाई झाली तरी त्याच्या होडीला अ‍ॅक्सिलरेटर नाही.

पहारा कोण करतो, या प्रश्नाला थोडा इतिहास जोडतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला याच भागात, कॅम्पबेल रिव्हर गावाजवळच्या सेमूर नॅरोज येथे, ऑर्का सामन खाऊन संपवतात या तक्रारीवरून सरकारच्या मत्स्यखात्याने मशीनगन बसवली होती. ती झाडण्याची वेळ आली नाही, पण त्या काळची दृष्टी कशी होती ते यातून कळते. त्यानंतर मत्स्यालयांसाठी पिल्ले पकडण्याचा धंदा सुरू झाला. १९७० च्या दशकात मायकेल बिग या कॅनेडियन शास्त्रज्ञाने पाठीवरच्या पराचा आकार, त्यावरचे चिरे आणि मागचा राखाडी डाग यांच्या छायाचित्रांवरून एकेक ऑर्का ओळखण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा हजारोंनी असतील असे वाटणारे हे प्राणी काही शेकडाच आहेत हे सिद्ध झाले. रॉबसन बाइटच्या राखीव क्षेत्राला पुढे त्याचेच नाव जोडले गेले. उत्तरेकडील माशांवर जगणाऱ्या या समूहाची संख्या आता तीनशेच्या वर आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाची नोंद ठेवली जाते. पट्ट्यांवरून वाघ ओळखणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला ही पद्धत नवी वाटणार नाही. संशोधकांच्या आणि पहारेकऱ्यांच्या बरोबरीने तिकडचे आयोजकही दिसलेल्या ऑर्कांच्या नोंदी पुरवतात, आणि एखादी बोट फार जवळ गेली तर बहुधा दुसऱ्या बोटीवरूनच तक्रार होते.

प्रश्न : आम्ही पवनी तालुक्यातील तीन मित्र, धानाची शेती करतो. एकूण खर्च किती येईल, आणि जुलै-ऑगस्टऐवजी दुसरा हंगाम आहे का? रोवणी सोडून जाणे शक्य नाही.

उत्तर : आपला प्रश्न सर्वांत व्यवहारी आहे. जॉनस्टन सामुद्रधुनीचा हंगाम आणि आपला खरीप नेमके एकमेकांवर येतात. रोवणी, निंदण आणि खताचा दुसरा हप्ता, सगळे त्याच महिन्यांत. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात थोडी उसंत काढता आली तर तिकडेही हंगाम संपलेला नसतो, मात्र वारा-पाऊस वाढू लागलेला असतो.

खर्चाचा अंदाज असा. तीन-चार दिवसांच्या मार्गदर्शित सहलीला माणशी साधारण एक ते दोन हजार कॅनेडियन डॉलर पडतात. त्यात होडी, तंबू, जेवण आणि वाटाडे येतात. पर्यटक व्हिसाचे शुल्क १०० डॉलर आणि बोटांचे ठसे व छायाचित्राचे ८५ डॉलर वेगळे. नागपूरहून दिल्ली किंवा मुंबईमार्गे व्हँकूवर, तेथून फेरीबोटीने नानाइमो आणि पुढे रस्त्याने उत्तरेला चारेक तास, असा प्रवास आहे. विमानाचे तिकीट हाच सर्वांत मोठा आकडा असतो, आणि तो प्रत्येक महिन्याला बदलतो. व्हिसा अर्जात शेतकऱ्याने सातबारा, मागील वर्षांची बँक उलाढाल, धान विक्रीच्या पावत्या आणि असल्यास आयकर विवरणपत्रे व्यवस्थित इंग्रजी भाषांतरासह जोडावीत; पगारपत्रक नाही म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. अर्ज निदान चार-पाच महिने आधी करावा आणि व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारे पैसे कोणालाही देऊ नयेत. या एका सहलीसाठी एवढा खर्च करावा असे मी कोणालाही सुचवणार नाही. तिकडे कोणी नातेवाईक असेल आणि जाणे होणारच असेल, तर मात्र ती जरूर जोडून घ्यावी.

धान घरात आल्यावरचा हंगाम हवा असेल तर दोन पर्याय आहेत. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, लोरेटो येथील सागरी राष्ट्रीय उद्यानात, जानेवारी ते मार्च या काळात निळे देवमासे येतात, आणि बेटाबेटांवर मुक्काम करत जाणाऱ्या कयाक सहली तेथे निघतात. त्याच द्वीपकल्पाच्या पश्चिमेकडील सान इग्नासियोसारख्या खाजणांत त्याच महिन्यांत राखाडी देवमासे पिल्ले घालायला येतात. ते पाहायला मात्र स्थानिक कोळ्यांच्या मोटरच्या होडीतूनच जातात. दुसरा पर्याय फारच जवळचा आहे. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिसा येथे समुद्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल होतो, त्यामुळे डिसेंबर ते एप्रिल निळा देवमासा किनाऱ्याजवळ दिसू शकतो. तेथेही कयाक नाही, बोटच आहे. मोठ्या मालवाहू जहाजांचा मार्ग जवळून जातो आणि लाटाही मोठ्या असतात, हे पाहता ते योग्यच आहे. तीन शेतकरी मित्रांनी पहिल्यांदा समुद्रावर जायचे असेल, तर मी मिरिसा निवडेन.

प्रश्न : हे सगळे आपल्याच कोकणात का होऊ नये? (भद्रावती)

उत्तर : अरबी समुद्रात देवमासे आहेत, पण किनाऱ्यालगत भरवशाने दिसावेत अशी त्यांची सवय नाही. ते आपल्याला बहुतेक वेळा दुर्दैवी प्रसंगीच भेटतात. २०१५ मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्यावर निळा देवमासा आला आणि मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला अडकलेल्या पिल्लाला समुद्रात परत नेण्यासाठी मच्छीमार, वनखाते आणि गावकरी दिवसरात्र झटले, तरी ते वाचले नाही. हे सर्व प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोकणात भरवशाने दिसतात ते डॉल्फिन. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत मालवण-तारकर्ली भागात सकाळच्या शांत पाण्यात त्यांची पाठ आणि पर सहज दिसतात. खाडीच्या आतल्या बाजूला कयाक चालवणे आणि सकाळी मच्छीमाराच्या बोटीतून डॉल्फिन पाहणे, असा दोन रात्रींचा बेत नवख्यांसाठी उत्तम आहे. बोटवाल्याला डॉल्फिनच्या मागे इंजिन सोडू नका एवढे आधीच सांगावे. पावसाळ्यात मात्र त्या समुद्राकडे कयाक घेऊन फिरकू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. तिकडे जेवणाचे काय?

उत्तर : नोंदणीच्या वेळी कळवल्यास शाकाहारी जेवण मिळते, अंडी आणि दूध चालते की नाही तेही स्पष्ट लिहावे, कारण तिकडे शाकाहाराच्या व्याख्या अनेक आहेत. सोबत जवसाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी न्यायला हरकत नाही, पण विमानतळावर सीमाशुल्काच्या अर्जात प्रत्येक खाद्यपदार्थाची नोंद करावी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: व्हँकूवर बेटावर काळी अस्वले भरपूर आहेत. चटणीची पुडी, बिस्किटे, दात घासायची पेस्ट, वासाचे काहीही तंबूत ठेवायचे नाही. सगळे अन्न रात्री एकत्र बंद पेटीत किंवा झाडावर उंच टांगून ठेवले जाते, आणि याबाबत वाटाड्याशी वाद घालू नये.

प्रश्न : चष्मा आणि मोबाइल यांचे काय करावे?

उत्तर : चष्म्याला मागून दोरी लावावी. पाण्यावरची चकाकी कमी करणारी पोलराइज्ड काच नंबरात करून घेता आली तर उत्तम. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पारदर्शक पाकिटात घालून लाइफ जॅकेटला बांधावा. खाऱ्या पाण्याचा थेंब चार्जिंगच्या छिद्रात गेला की तो सहसा सुधारत नाही. छायाचित्रांची फार आशा धरू नये, २०० मीटरवरचा पर मोबाइलमध्ये काळा ठिपका दिसतो. त्यापेक्षा आठपट दाखवणारी, पाण्याने न बिघडणारी दुर्बीण गळ्यात असावी. चष्म्याचा दुसरा जोड ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, भरून ठेवावा, आणि ती पिशवी होडीच्या बंद कप्प्यात न टाकता आपल्या पायाशी, हाताला लागेल अशी ठेवावी, कारण ते कप्पे पाण्यावर असताना उघडता येत नाहीत.